निव्वळ वजन

सावदा-फैजपूर रस्त्याला आमचा भुईकाटा.
साठ टनांचा.
केळीचे ट्रक आधी रिकामे चढतात, मग भरून.
बाबा एका आकड्यातून दुसरा वजा करतात,
उरतं ते निव्वळ.
पावतीचे साठ रुपये.
"ड्रायव्हर, खाली उतर," दरवेळी ओरडतात,
"माणूस मालात धरत नाही मी."

शाळेत धरतात.
तपासणीच्या दिवशी खर्चे मॅडम आकडा वाचत होत्या,
शिपाईकाका वहीत लिहीत होते,
आणि शिपाईकाकांना कमी ऐकू येतं.
"अठ्ठावन्न!
अहो, नेहेते, अठ्ठावन्न!"
खिडकीबाहेर नववी ब ची मुलं.
दुसऱ्या दिवशी माझ्या बाकावर कर्कटकाने कोरलेलं, ५८,
आठाची गाठ मुद्दाम फुगवून.

भुसावळची मावशी माझा दंड दाबून बघते,
व्यापारी केळं दाबतात तसा.
"हाडच लागत नाही वं माय, हिचं."
आई हसते. मीही हसते.
हसले नाही तर म्हणतील, मनाला लावून घेते.

मग मी वजा करायला लागले.
आधी तूप.
मग बट्टी: वरणात कुस्करायची, कुस्करतच राहायची,
सगळे उठेपर्यंत.
डबा गोठ्यातल्या कपिलेला.
(ती जाडी झाली तर दूध वाढतं म्हणतात.)
मळ्यात भरताची वांगी भाजली त्या रात्री,
काट्यांच्या जाळावर साल तडतडत होती,
कांद्याची पात, मिरची, कळण्याच्या भाकरी,
सगळं गाव बोटं चाटत होतं
आणि मी म्हणाले, पोट दुखतंय.
दुखतच होतं.
झोपताना बरगड्या चाचपते.
डावीकडे तीन सापडल्या. उजवीकडे दोन.
प्रार्थनेला उभी असताना
एकदा सगळं मैदान काळं झालं,
शेवटच्या ओळीपर्यंत मी ओठ हलवत राहिले.
पाच आठवड्यांत दोन किलो.

परवा बाबा जेवायला घरी गेले होते.
निकिता म्हणाली, चला गं, काट्यावर.
मी नको नको म्हणत राहिले, आणि चढले.
खिडकीतला लाल आकडा थरथरला, थांबला:
६०.
मी खाली उतरले, परत चढले.
६०.
मग आठवलं, हा काटा दहा-दहानेच मोजतो,
खालचं-वरचं त्याला दिसत नाही.
माझे दोन किलो,
सगळ्या रात्री, कपिलेच्या सगळ्या भाकरी,
त्याला पत्ताच नाही.

गायत्री चढली, ५०.
सानिया तडवी ओढणी माझ्या हातात देऊन चढली
(ओढणीचं काय वजन, तरी),
५०.
निकिताला वर्गात काडी म्हणतात,
वारा सुटला की मुलं ओरडतात, निकिताला धरा रे.
ती दप्तर पाठीवर घेऊनच चढत होती,
आम्ही उतरवायला लावलं.
४०.

मग चौघी एकदम.
एवढ्या मोठ्या फळीवर
मधोमध, एकमेकींना धरून,
जणू कुणी ढकलणार आहे.
सानियाने बोटांवर बेरीज केली होती: दोनशे.
आकडा थरथरला, थांबला:
१९०.

"दहा कमी?"
"कुणाचे गेले?"
"माझे," मी म्हणाले, फार पटकन म्हणाले,
"माझेच असणार, मी जेवत नाहीये."
हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.
गायत्रीने माझ्याकडे पाहिलं.
सानियाने ओढणी परत घेतली, घडी घातली, पुन्हा उलगडली.
निकिता काट्याकडेच बघत होती.
"कुणाला नको असतील ते दहा," ती म्हणाली,
"तर मला द्या ना."

रावेरकडून ट्रक आला, पानांनी झाकलेला,
हॉर्न देत.
"ओ पोरींनो, उतरा खाली!"
आम्ही उतरलो.
गायत्रीने डबा उघडला, शेंगदाण्याची चटणी, पोळी,
काही न बोलता माझ्या समोर धरला.
मी अर्धी घेतली.
अर्धी निकिताला.
तोंडात घास किती वेळ फिरत होता, माहीत नाही.
मागे आकडा चढत होता,
अठरा हजार, एकोणीस,
आणि बाबा सायकलवरून येता येता ओरडत होते,
ड्रायव्हर, खाली उतर.